काटेरी बिऱ्हाड

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाचे चारही पाय चाळीस वर्षे पाण्याच्या वाट्यांत उभे होते. वाट्या पितळेच्या, लग्नाच्या आहेरात आलेल्या. दूध, तूप, गूळ आणि लाडवांचा डबा यांच्यापर्यंत मुंगीची वाट पोचू नये, एवढ्यासाठीच त्यांची तिथे नेमणूक झालेली. माझी पत्नी रोज सकाळी चहाचे आधण ठेवण्याआधी त्या वाट्यांतले पाणी बदलीत असे. मुंग्यांवर तिने कधी औषध फवारले नाही. ती म्हणे, "त्यांचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी त्यांच्या घरी राहावं, मी माझ्या घरी राहीन."

२०२१ च्या कार्तिकात ती गेली. मुलगा, सून आणि नातू पुण्याहून आले, तेराव्यापर्यंत राहिले आणि आपल्या कामांना परत गेले. त्या वाट्यांची आठवण मला राहिली नाही. दोनएक महिन्यांनी साखरेच्या डब्याच्या झाकणावर एक काळी रेघ दिसली. ती रेघ उलटी वाचीत मी खाली खाली आलो, तो फडताळाच्या पायाशी पोचलो. वाटी कोरडी ठणठणीत पडली होती. तळाशी पाण्याचा पांढरा क्षार तेवढा उरला होता. घरातले माणूस गेल्याचे टपालखात्याला पत्रे परत येऊ लागली म्हणजे कळते. मुंग्यांना ते वाटीतले पाणी आटले म्हणजे कळते.

टपालखात्याची उपमा मला सुचावी यात नवल नाही. त्या खात्यात माझी छत्तीस वर्षे गेली. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, तरी आमच्या हिंगणघाटात लोक मला अजून 'पोस्टमास्तर' म्हणतात, आणि कोणतीही वस्तू समोर आली की हिचा पत्ता काय, हा प्रश्न माझ्या मनात सर्वांआधी उभा राहतो. पुढे जे घडले ते या खोडीमुळेच घडले.

२०२२ च्या मे महिन्यात नातू सुटीला आला. वय वर्षे नऊ. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावे! पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नाही. अशा दुपारी हा मुलगा आमच्या परसातल्या बाभळीखाली उकिडवा बसलेला. मी दारातून हाक मारली, तर तिथूनच ओरडला, "आबा, इकडे या! या मुंगीला काटे आहेत!"

मी म्हटले, "काटे बाभळीला असतात बाळ, मुंगीला नसतात."

"तुम्ही बघा तरी!"

तिकिटे पाहण्याचे माझे जुने भिंग काढले आणि बाभळीच्या खोडाशी गुडघे टेकले. खरे सांगतो, सत्तर पावसाळे पाहिलेला माणूस मी. बाभूळ आमच्या परसातली, मुंग्या आमच्या बाभळीवरच्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाहत होतो! तांदळाच्या दाण्याएवढी काळी मुंगी, अंगावर राखेची पूड भुरभुरावी तशी बारीक रुपेरी लव. तिच्या पाठीच्या मागल्या टोकाला दोन काटे होते. कमरेवर आणखी दोन होते, आणि ते मागे वळून पोटाला मिठी मारल्यासारखे वाकलेले होते. बाभळीने आपले काटे या मुंगीला दत्तक दिले की काय असे वाटावे!

नातवाने लोणच्याची रिकामी बरणी मागितली. मी दिली. बरणीत सालीचा एक तुकडा, गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा आणि ती मुंगी. तोंडाला फडके बांधले. मुलाने तिचे नाव 'काटू' ठेवले. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील न्यायला आले. जाताना त्याने मला बजावले, "आबा, मी रोज फोन करीन. काटूची खुशाली सांगायची."

काटू बरणीत चालत होती. सकाळी चालत होती, दुपारी चालत होती. रात्री तहान लागून उठलो आणि दिवा लावला, तेव्हाही ती काचेच्या कडेकडेने चालतच होती. मधूनच बोळ्याशी थांबे, गुळाचे पाणी पिई आणि पुन्हा चालू लागे. उपाशी होती असे कोणी म्हणू शकले नसते. पाचव्या दिवशी सकाळी ती सालीच्या तुकड्याजवळ पाय दुमडून पडलेली आढळली.

संध्याकाळी फोन आला. "आबा, काटू काय करते?"

"जेवली," मी म्हणालो, "आता निजली आहे."

मग त्याच्या हातातून फोन माझ्या मुलाने घेतला. "बाबा, जेवलात?"

"जेवलो," मी म्हणालो.

यांतले पहिले खोटे मी त्या दिवशी प्रथमच बोललो. दुसरे मी सहा महिने रोज बोलत होतो. अगदी खोटेही नव्हे ते. सकाळी भात लावीत होतो, त्यातला थोडा खातही होतो. पण अन्न अंगी लागत नव्हते. छातीशी दगड ठेवावा तसे ते तिथेच बसून राही. आणि मी चाले. माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून परसात, परसातून पुन्हा माजघरात. रात्री तीनलाही.

मेलेली मुंगी फेकून देणे सोपे होते. पण ज्या पत्राचा मालक सापडत नाही ते आम्ही फेकून देत नसू. ते परत पत्र कार्यालयात जाई, तिथे ते उघडून पाहत आणि पत्ता शोधण्याचा आणखी एक प्रयत्न होई. हिचा पत्ता मला ठाऊक नव्हता. मी काटूला काडेपेटीत, कापसावर ठेवले, आणि चार दिवसांनी एस.टी.ने वर्ध्याला गेलो. तिथे प्राणिशास्त्र शिकवणारे एक तरुण प्राध्यापक आमच्या ओळखीत आहेत. एका मुंगीसाठी म्हातारा माणूस उन्हातून आलेला पाहून त्यांना हसू आले नाही, हे त्यांचे सौजन्य.

त्यांनी काटूला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि म्हणाले, "काका, तुम्ही पिनकोड कसा वाचता? तशीच ही वाचायची."

पिनकोड १९७२ साली आला. त्याचा पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून जिल्ह्यापर्यंत नेतात आणि शेवटचे तीन नेमक्या कचेरीच्या दाराशी. प्राध्यापकांनी मला तसेच टप्प्याटप्प्याने नेले. पहिला टप्पा कमर. छाती आणि पोट यांच्यामध्ये एकच मणी असेल तर एक वाट, दोन असतील तर दुसरी. काटूला एकच होता. दुसरा टप्पा पोटाचे टोक. तिथे नांगी नव्हती, एक गोल छिद्र होते. या कुळातल्या मुंग्या डंख मारीत नाहीत. पोट पुढे वाकवून त्या छिद्रातून आम्ल फवारतात. आपला डोंगळा याच कुळातला, काटूचा जवळचा चुलतभाऊ म्हणावा असा. तिसऱ्या टप्प्याला मात्र चुलत्यांच्या वाटा निराळ्या होतात. डोंगळ्याची पाठ गुळगुळीत असते, हिच्या पाठीवर आणि कमरेवर काटे आहेत. आणि हिच्या पोटाचे पहिलेच कवच इतके मोठे की निम्म्याहून अधिक पोट त्यानेच झाकलेले.

"ही पॉलिऱ्हॅकिस," ते म्हणाले. "ग्रीक नाव. पुष्कळ काट्यांची, असं समजा. सहाशेहून अधिक जाती आहेत हिच्या. आफ्रिकेत आहेत, आशियात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. अमेरिकेत मात्र एकही नाही."

मग थोडा वेळ पुस्तके चाळून त्यांनी घर क्रमांकही सांगितला: लॅक्टिपेनिस. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'दुधी पंखांची'. ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रेडरिक स्मिथने १८५८ साली हे नाव ठेवले. चार वर्षांनी व्हिएन्नाच्या गुस्टाव्ह मायरने हिलाच 'सिम्प्लेक्स' म्हणून नोंदले, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ही त्या नावाने सापडते. एका माणसाची दोन नावे आणि दोन्ही नावांची पत्रे, हा प्रकार आम्हां टपालवाल्यांना नवा नाही. जुने नाव खरे धरायचे हा शास्त्रज्ञांचा नियमही मला पटला.

मी म्हटले, "पण हिला पंख कुठे आहेत?"

"कामकरी मुंगीला पंख नसतात. राण्यांना आणि नरांना असतात, तेही थोडे दिवस. नाव मात्र सगळ्या घराण्याला त्यांचंच लागलं."

बोलता बोलता त्यांनी एक हकीकत सांगितली, ती मला फार आवडली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात रॉटन नावाचे एक वनाधिकारी होते. जंगले फिरता फिरता त्यांना मुंग्यांचे वेड लागले. १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी 'आवर अँट्स', म्हणजे 'आपल्या मुंग्या', या नावाने लेख लिहिले. ओळख पटली नाही की ते मुंगी थेट स्वित्झर्लंडला पाठवीत, ऑग्यूस्त फोरेल यांच्याकडे. हे फोरेल पेशाने मुंग्यांचे कोणीच नव्हते. ते झुरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते! दिवसा माणसांची दुखावलेली मने तपासायची आणि उरलेल्या वेळी हिंदुस्थानातून आलेल्या मुंग्यांना नावे द्यायची. पुढे स्विस राष्ट्रीय बँकेने त्यांचे चित्र हजार फ्रँकच्या नोटेवर छापले आणि त्याच नोटेच्या मागल्या बाजूला मुंग्यांनाही जागा दिली. पुण्या-मुंबईच्या मुंग्या तेव्हा आगबोटीनेच गेल्या असणार. कोणा टपालवाल्याने त्या पुड्यांवर शिक्के मारले असतील आणि आत काय आहे याची त्याला कल्पनाही नसेल.

निघताना प्राध्यापकांनी सहज विचारले, "ही किती दिवस जगली तुमच्याकडे?"

"पाच."

"एकटीच होती?"

"एकटीच. पण खायला-प्यायला भरपूर होतं. पीतही होती."

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "काका, तुमची काही चूक नाही. एकटी मुंगी जगत नाही."

१९४४ मध्ये ग्रासे आणि शोव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की मुंग्या-मधमाश्यांसारखे कीटक एकटे ठेवले तर घोळक्यातल्यांपेक्षा फार लवकर मरतात. पण का मरतात? २०१५ साली लोझानच्या विद्यापीठात डोंगळ्याच्या जातीच्या मुंग्यांवर हाच प्रयोग पुन्हा झाला. दहाजणींच्या घोळक्यातल्या मुंग्या साठांहून अधिक दिवस जगल्या. एकट्या ठेवलेल्या सहा-एक दिवसांत गेल्या. अन्नाची कमतरता नव्हती. एकटी मुंगी खात होती तेवढेच. पण मुंगीला दोन पोटे असतात. पहिले पोट सर्वांचे. त्यात अन्न साठवायचे आणि घरी नेऊन तोंडाला तोंड लावून इतरांना द्यायचे. त्यातले थोडे आत जाते ते दुसरे पोट, स्वतःचे. एकट्या मुंगीने खाल्लेले अन्न पहिल्याच पोटात पडून राहिले होते. देण्यासाठी घेतलेले, घ्यायला कोणी नाही, म्हणून पचलेही नाही. आणि ती थांबत नव्हती. सारखी चालत होती.

मी काडेपेटी खिशात घातली आणि नमस्कार करून बाहेर पडलो. एस.टी.च्या खिडकीतून धुळीने पांढरी झालेली शेते दिसत होती. शेजारच्या बाईने विचारले, "बाबाजी, बरं वाटत नाही का जी?" मी सांगितले, ऊन लागले.

हे इथेच संपायचे. पण मृगाच्या पहिल्याच वादळात परसातली ती बाभूळ उन्मळून पडली. सकाळी जाऊन पाहतो तो बुंध्याजवळची साल फाटलेली आणि तिच्या फटीत करड्या रंगाचा एक पडदा. कचरा, सालीचा भुसा आणि बारीक रेशीम यांचा विणलेला. पडदा एका बाजूने फाटला होता आणि आतून काटूच्या बहिणी पांढऱ्या अळ्या तोंडात धरून सैरावैरा पळत होत्या. लाकूड न्यायला माणूस दुपारी यायचा होता. मी प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "झाड उभं असतं तर मी नको म्हटलं असतं. आता पडलंच आहे, तर आणा. पण राणी शोधा. राणीवाचून आणलंत तर ते बिऱ्हाड नाही, नुसता मुक्काम."

राणी सालीच्या अगदी आतल्या कपारीत सापडली. इतरांहून मोठी, भरलेल्या छातीची. पंख केव्हाच गळून पडलेले. दुधी पंख पाहण्याचा योग तेव्हाही आला नाही. पाकिटावरचे नाव खरे की खोटे हे टपालवाला तपासीत नाही, म्हणून मीही ते विश्वासाने घेतले. राणी, साठ-सत्तर कामकरी आणि चमचाभर अळ्या-कोष एवढा ऐवज मी सालीसकट काचेच्या पेटीत हलवला. माझ्या हाताला आंबूस वास येऊ लागला. त्यांनी आम्लाचा मारा केला होता. आग होण्याइतके त्यात काही नव्हते. निषेधाचा खलिता म्हणून तो मी स्वीकारला.

पाळण्याची व्यवस्था अशी. काचेची नळी घ्यायची, निम्मी पाण्याने भरायची आणि मध्ये कापसाचा बोळा दाबून बसवायचा, म्हणजे पाणी सांडत नाही पण ओल मिळते. कापसाला हिंगणघाटात काय तोटा! नळीवर काळा कागद गुंडाळायचा, कारण घरात त्यांना अंधार लागतो. बाहेरच्या पेटीत गुळाच्या पाण्याचा थेंब, दिव्यावर मेलेले पाखरू, क्वचित रातकिडा. गोड मोठ्यांसाठी, मांस अळ्यांसाठी. आणि पेटी? ती एका स्टुलावर ठेवली. स्टुलाचे चार पाय कशात ठेवावेत याचा विचार करीत मी स्वयंपाकघरात उभा होतो, तेव्हा फडताळाखालच्या त्या चार वाट्या दिसल्या. चिंचेने घासून त्या लख्ख केल्या आणि पाणी भरून स्टुलाच्या पायांखाली मांडल्या. चाळीस वर्षे मुंग्यांना बाहेर ठेवणाऱ्या वाट्या आता मुंग्यांना आत ठेवू लागल्या.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी कमरेवर हात ठेवून हा सारा थाट पाहिला. "मास्तर, कोणी गाय पोसते, कोणी शेळी पोसते. तुम्ही मुंग्या पोसून रायले! दूध त देत नाही न थे?"

मी म्हणालो, "नावात दूध आहे, मावशी. तेवढंच."

"बाई असत्या त तुम्हालेच घराबाहीर ठेवलं असतं," त्या म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर पदराने तोंड पुसू लागल्या. ती गेल्यापासून तिच्याविषयी कोणी माझ्यासमोर थट्टेने बोलले नव्हते. मला फार बरे वाटले.

चौथ्या रात्री मी काळा कागद किंचित सरकवून भिंग लावले आणि जे पाहिले ते जन्मात विसरणार नाही. एका कामकरी मुंगीने आपल्या तोंडात एक अळी धरली होती. अळीचे तोंड ती नळीच्या या काचेला लावी, मग पलीकडच्या काचेला लावी; पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. विणकराचा धोटा चालावा तशी. रेशीम अळीच्या तोंडातून येत होते; मोठ्या मुंग्यांपाशी ते नसतेच. दुसऱ्या दोघी सालीचा भुसा आणून त्या धाग्यांवर चिकटवीत होत्या. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सूतकताईचे कौतुक सांगण्याची गरज नाही. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले तेव्हापासून चरखा आमच्या पाण्यातच उतरला आहे. पण पाळण्यातल्या बाळाने सूत द्यावे आणि थोरांनी त्याला हातात धरून घर विणावे, असा कारखाना मी कुठे पाहिला नव्हता. सकाळी नळीच्या तोंडावर करडा पडदा तयार होता, मध्ये येण्याजाण्यापुरते दार ठेवलेले.

आणि दाराशी देवघेव. बाहेरून आलेली मुंगी थांबे, आतली तिच्या मिशांना मिशा लावी, मग दोघींची तोंडे जुळत. आलेली दुसरीला देई. दुसरी आत जाऊन तिसरीला देई. तासन् तास मी ते पाहत बसे. पाहता पाहता एक दिवस लक्षात आले की मी बराच वेळ बसून आहे. चालत नाही.

श्रावणात माझ्या मुलाचा फोन आला तो ठरवूनच. "बाबा, आता पुण्याला या. नवव्या मजल्यावर छान हवा आहे. सगळी सोय आहे, कशाची कमी पडणार नाही." त्याचे म्हणणे मनापासूनचे होते. पूर्वी मी तिथे महिनाभर राहून आलो होतो. सकाळी आठला मुलगा-सून बाहेर पडत, नातू शाळेला जाई. संध्याकाळी सातपर्यंत मी, फ्रीजमधले डबे आणि काचेची मोठी खिडकी. कशाचीही कमी नव्हती. त्या खिडकीच्या कडेकडेने मी किती वेळा चाललो असेन!

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात समुद्रपूर तालुक्यातली दोन मुले खोली विचारीत आली. दोघांच्या बापांची कापसाची शेती, दोघेही इथल्या कॉलेजात नव्याने दाखल झालेले. आमची पुढची खोली रिकामीच होती. भाडे नावापुरते ठरले. अट एकच, रात्रीचे जेवण तिघांनी मिळून करायचे. एकाला पोळ्या येतात. दुसऱ्याला वांग्याची भाजी येते, बाकी काही येत नाही. मला वरण-भात येतो आणि बोलता येते. पहिल्या रात्री तीन ताटे वाढली आणि मी तिसरी पोळी मागून घेतली, हे मला मुलांच्या नजरेवरून कळले.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. वर्ष व्हायचे होते. तरी मुलगा कुटुंबासह आला. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळाची ताटे पाठवली होती आणि ती ओळीने फडताळात झाकून ठेवलेली. फडताळाच्या पायांखाली आता स्टीलच्या वाट्या होत्या. नातू आला तो तडक काचेच्या पेटीकडे धावला. नाक काचेला लावून बराच वेळ पाहत राहिला.

"आबा, यातली काटू कोणती?"

सहा महिने मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. पेटीत शंभराच्या वर मुंग्या होत्या. कोणतीही एक दाखवली असती तरी चालले असते. मुलगा माझा दारात उभा होता.

मी म्हणालो, "यात ती नाही बाळ. तू गेलास आणि दोन दिवसांनी ती मेली. मी तुला खोटं सांगितलं."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, पण रडला नाही. "तुम्ही खायला दिलं नाही का तिला?"

"दिलं होतं. तिनं खाल्लंही होतं. पण तिला ते पचलं नाही."

"का?"

"एकटी होती ना! मुंगीला आधी दुसऱ्याला द्यावं लागतं, मग तिला स्वतःला पचतं."

तो पुन्हा पेटीत पाहू लागला. दाराशी दोघींची तोंडे जुळली होती. मी त्याच्या हातात भिंग दिले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मला पुण्याला न्यायला एक द्याल का, असं मी विचारणार होतो. आता नाही विचारत."

दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलाने काही म्हटले नाही. त्या रात्री आम्ही सगळे, ती दोन मुलेही, माजघरात एका पंगतीला बसलो. मी किती जेवतो याकडे मुलाचे सारखे लक्ष होते. पुण्याला येण्याचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. तो विषय संपला आहे असे नव्हे. तो पुन्हा निघेल, आणि कदाचित एके दिवशी मी जाईनही. पण गेलो तर दिवसभराची देवघेव तिथे कोणाशी करायची हे आधी ठरवून जाईन, एवढे मला कळले आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. पाण्याचा आवाज येत होता. उठून पाहिले. माझा मुलगा जमिनीवर बसून एकेक पाय हलक्या हाताने उचलून वाट्यांतले पाणी बदलीत होता. आधी फडताळाच्या, मग स्टुलाच्या.

"आई चहाआधी करायची ना हे?" तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि चहाचे आधण ठेवले.